डाव्या हातातला पेला

कसाव्याचे कंद कुटून केलेलं रविवारचं दुपारचं फूफू पोटात गेलं, की कुमासीतल्या टाफो भागातल्या त्या घराला देवाचा ताप चढायचा. मधोमध अंगण, भोवती आठ खोल्या, टीव्ही चार आणि फोन मात्र माणशी एक. चारही टीव्हींवर एकच माणूस दिसायचा. पांढरा सूट, सोनेरी बूट आणि मिटलेले डोळे. हे ‘सात दिव्यांच्या चर्च’चे प्रॉफेट हबाकूक. डोळे मिटले की त्यांना सगळं जग दिसतं, अशी ख्याती होती. उघड्या डोळ्यांनी ज्यांना आपलं घर दिसत नाही, अशा माणसांमध्ये ही ख्याती वाढायला वेळ लागत नाही.

“माझ्या लेकरांनो, नुसते बघत बसू नका!” हबाकूक ओरडले. “फोन उचला! आमेन लिहा! ज्याची बोटं थकली, त्याचं नशीब थकलं! घरातल्या सगळ्यांना पडद्यापुढं बसवा, फोटो काढा आणि माझ्या नावानं टाका. देवदूताला तुमचं दार सापडायला नको?”

“देवदूताला पत्ता लागतो होय?” बिरागो भांडी विसळता विसळता दारातून म्हणाली. “मग पोस्टमन काय वाईट होता?”

“ताई, गप बस ना,” तिची धाकटी बहीण कोनाडू म्हणाली. तिचे दोन्ही अंगठे फोनवर धावत होते. आमेन, आमेन, आमेन. शेजारच्या खोलीतून मान्सा मावशी ओरडून विचारत होती, “माझं आमेन वर दिसतंय का गं? माझं दिसत नाहीये!”

कोनाडूनं पिवळा झगा घातला होता. टीव्हीकडे पाठ करून तिनं फोन समोर धरला. तिच्यामागं ओबेंग मामा आला, मान्सा मावशी घुसली, आणि अगदी मागं, बसक्या खुर्चीत आफ्राकोमा आजी होती. आजीच्या हातात सोबोलोचा पेला होता. लाल अंबाडीच्या बोंडांचं ते गारेगार सरबत कोनाडूनंच तिला ओतून दिलं होतं. “आजी, हस,” कोनाडू म्हणाली. आजीनं पेला उंचावला आणि उरलेले चार दात दाखवले. फोटो निघाला आणि गेला.

त्यानंतर बऱ्याच वेळानं, गाणी झाली, दान पाठवायचे नंबर पडद्यावर झळकून गेले, आणि हबाकूक एकाएकी ताठ झाले. वाद्यं थांबली.

“मला पिवळा रंग दिसतोय,” ते कुजबुजले. “एक तरुण बाई. कुमासीहून बघते आहे मला. तिचं नाव... को... कोनाडू!”

टीव्ही असलेल्या चारही खोल्यांतून एकच किंकाळी उठली. कोनाडूच्या हातातून फोन पडला.

“मुली, तुझी दोन बाळं पोटातच गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. खोटं बोलले! तुझ्यामागं कुणीतरी बसलंय. म्हातारी आहे. अरे देवा... तिच्या डाव्या हातात पेला आहे. पेल्यात लाल आहे! ती पितेय. मुली, ती तुझी लेकरं पितेय!”

ओबेंग मामानं मागं वळून पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. आजीच्या हातात पेला अजून तसाच होता. तिला कानानं कमी यायचं, त्यामुळे सगळे आपल्याकडे का बघताहेत ते तिला कळेना.

“ती घरात राहिली तर पुढचंही जाईल,” हबाकूक डोळे मिटूनच सांगत होते. “तिला माझ्या प्रार्थनेच्या तळावर आणा. तिथं ती चेटूक कबूल करेल.”

फोनच्या पडद्यावर आमेनचा पूर आला. त्यात मधूनमधून ‘जाळा तिला’ असंही वाहत होतं. ती माणसं कोण, कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं.

*

बिरागो टाफोच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला वाटलं, एक साधी गोष्ट सांगितली की संपलं.

“मामा, आजीचा डावा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून हलत नाही. आपणच तिला कपडे घालतो. त्या हातानं ती पेला कसा धरेल?”

ओबेंग मामा घरातला कर्ता. आईकडचं घराणं चालवायचं ते मामानंच, असा तिकडचा रिवाज. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा हा माणूस गिऱ्हाइकाला खोटा भाग कधी विकायचा नाही, पण स्वतः मात्र आलेलं काहीही न तपासता घ्यायचा.

“देहात हलत नाही,” तो म्हणाला. “आत्म्यात हलतो! म्हणून तर चेटूक म्हणायचं त्याला. तू तुझं विज्ञान शाळेत ठेव.”

“मग देहातला मेलेला हात आत्म्यात बरा होत असेल, तर प्रॉफेटांनी तो देहातही बरा करून दाखवावा. नाहीतरी करतातच ना ते बरं सगळं?”

“जीभ फार चालते तुझी. पुढचा रविवार होऊ दे. प्रॉफेट आणखी काय सांगतात ते ऐकू. सोमवारी सकाळी टॅक्सी बोलावतो.”

त्या तळाबद्दल बिरागोनं ऐकलं होतं. मागच्या गल्लीतली मासळीवाली तिथून परत आली होती. तिला झाडाला साखळीनं बांधून ठेवलं होतं. कबूल हो, कबूल हो, म्हणत उपाशी ठेवलं होतं. शेवटी ती कबूल झाली. परत आल्यावर ती कुणाशीच बोलत नसे आणि कुणी जवळ आलं की हातांनी डोकं झाकून घेई.

तो आठवडा वाईट गेला. आजी अंगणात आली की आया पोरांना आत बोलवायच्या. मान्सा मावशीनं तिच्या पाण्याची बादली नळापासून लांब नेऊन ठेवली. कोनाडूनं तर आजीनं हात लावलेलं खाणंच सोडलं. या दोघी बहिणींची आई लवकर गेली. आजीनंच त्यांना पाठीवर बांधून बाजारात कसावा विकला होता आणि वाढवलं होतं. आता तीच कोनाडू आजी समोर आली की पोटावर हात ठेवून भिंतीला चिकटायची. बिरागोला तिचा संताप यायचा, आणि तिचा चेहरा बघितला की तो संताप गिळावा लागायचा.

आजीला सगळं कळलं ते उशिरा, आणि कळल्यावर ती एवढंच म्हणाली, “मी सोबोलो पीत होते.” मग ज्याला त्याला ती तेच सांगत राहिली. कुणी थांबून ऐकत नव्हतं.

बिरागोला एकच प्रश्न छळत होता. नाव ठीक, पिवळा झगा ठीक, ते फोटोत होतंच. पण डावा हात का? थाप मारायची तर माणूस दिसेल तेच सांगेल. फोटोत आजीचा उजवा हात दिसला असणार. मग हा माणूस डावा कुठून काढतो?

तिनं कोनाडूची ती पोस्ट उघडली. फोटो मोठा केला. आजी हसत होती आणि पेला तिच्या डाव्या हातात होता.

क्षणभर तिलाही मामाचं म्हणणं पटलं, आणि त्या क्षणाची तिला नंतर फार लाज वाटली. मग तिची नजर आजीच्या डोक्यावरच्या कॅलेंडरवर गेली. मामाच्या दुकानाचं कॅलेंडर. त्यावरची अक्षरं उलटी होती, आरशात दिसतात तशी. तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथं ती सुलटी होती. फोटोत फ्रीज दाराच्या एका बाजूला, आणि खोलीत दुसऱ्या. तिला हसू यायला हवं होतं. तिनं बहिणीला हाक मारली.

“कोनाडू, इकडं ये. हा फोटो फक्त पोस्टच केलास की आणखी कुणाला पाठवलास?”

कोनाडू खाली बघत म्हणाली, “चर्चचे प्रार्थना-सेवक असतात. त्यांनी मला खासगी निरोप पाठवला होता. बहिणी, तुझं दुःख काय, म्हणून.”

“आणि तू सांगितलंस? बाळांचं, डॉक्टरांचं, सगळं?”

“पण ते प्रॉफेटांना नाही ना सांगत! प्रॉफेट उपासात असतात, फोनला शिवत नाहीत. सेवक म्हणाला, कुणाला सांगू नकोस, बोललं की चमत्कार विरतो. आणि ताई, देवाशपथ, आजीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं!”

“लिहिलं नाहीस. दाखवलंस.” बिरागोनं तिच्यापुढं फोन धरला. “तुझ्या फोनमध्ये स्वतःकडं तोंड करून फोटो काढला की तो आरशासारखा उलटा साठतो. आजीचा उजवा हात यात डावा झालाय. हबाकूकला देवानं दाखवलं असतं, तर देवाला आजीचा हात माहीत आहे. हा फोटो बघून बोलला तो माणूस. तुझ्या एका फोटोवरून.”

कोनाडूनं फोटो बोटांनी मोठा केला.

“समजा, तो खोटारडा आहे,” ती म्हणाली. “मग माझी बाळं कुणी नेली, ताई? ते सांग.”

“मला माहीत नाही,” बिरागो म्हणाली. “कदाचित मोठ्या दवाखान्यात तपासून कळेल. कदाचित नाहीही कळणार. पण मला माहीत नाही म्हणून आजीला साखळी घालायची?”

कोनाडू रडली, पण हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि हबाकूकनं तो कुणावर काढायचा ते सांगून तिची सोय केली होती. बिरागोला तेव्हा नीट कळलं, की हा माणूस चमत्कार विकत नाही. तो दुःखी माणसाला गुन्हेगार शोधून देतो, आणि तोही असा निवडतो, जो उलटून बोलू शकत नाही.

मामाला तिनं फोटो दाखवून पाहिला. तो म्हणाला, “सैतानानंच उलटवला असेल.”

*

पुढच्या रविवारी मामा एका अंत्यविधीनंतरच्या उपासनेहून परतला, तो आपलं भारी वस्त्र नेसूनच जेवायला बसला. अशांती जमातीचे पुरुष नेसतात तसं, डाव्या खांद्यावर घेतलेलं, उजवा खांदा उघडा. पुढ्यात पामतेलाच्या फळांचा लालभडक रस्सा, त्यात फूफूचा गोळा आणि बकऱ्याचं मटण.

बिरागोनं डोक्याला निळा रुमाल बांधला आणि मामाकडे पाठ करून कोनाडूचा फोन समोर धरला. “मामा, फोटो काढते. प्रॉफेटांना पाठवायचाय.”

“तू?” मामाचा घास हातातच राहिला. “शहाणी झालीस म्हणायची! मीही येऊ दे त्यात. थांब, पोट आत घेतो.” पोट काही आत गेलं नाही. त्यानं घास तोंडाशी नेला आणि फोटो निघाला.

बिरागोनं नवं अकाउंट उघडून ठेवलं होतं. नाव मर्सी, गाव ओबुआसी. लगेच प्रार्थना-सेवकाचा निरोप आला. बहिणी, तुझं दुःख काय? मर्सीनं लिहिलं, एक बाळ गेलं, दुसरं राहत नाही. सेवकानं लिहिलं, घरच्यांचा फोटो पाठव, पुढच्या कॅमेऱ्यानं काढ, म्हणजे देवदूताला तुझा चेहरा दिसेल. मर्सीनं पाठवला. नाव खोटं, गाव खोटं, दुःख खोटं. फोटो तेवढा खरा. खोटं बोलताना बिरागोची बोटं जड झाली होती. पण सोमवारची टॅक्सी खरी होती.

प्रक्षेपण सुरू झालं. मामाची खोली भरून गेली, कारण मागच्या रविवारनंतर या खोलीवर देवाची खास नजर आहे असं सगळ्यांचं मत झालं होतं. आजी दाराबाहेर बसली होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

गाणी झाली, नंबर झळकले, आणि हबाकूक ताठ झाले.

“ओबुआसी!” ते म्हणाले. “मर्सी नावाची बाई. निळा रुमाल. मर्सी, तुझं मूल कुणी खाल्लं ते मला दिसतंय. तुझ्यामागं एक पुरुष बसलाय. मोठं पोट. आणि बघा रे बघा, वस्त्र उजव्या खांद्यावर! आपला कुठला सरळ माणूस उजव्या खांद्यावर वस्त्र घेतो? हा अंधारातला पेहराव आहे! आणि तो जेवतोय. कशानं? डाव्या हातानं! लाल लाल रक्तात मांस बुडवून डाव्या हातानं खातोय!”

“शी!” मान्सा मावशी म्हणाली.

“डाव्या हातानं?” मामाला किळस आली. “आईबापांनी काही शिकवलं की नाही त्याला? आणि ढेरी बघा म्हणे केवढी. दुसऱ्याची मुलं खाऊन वाढवलेली! असल्याला बांधूनच ठेवला पाहिजे. तळावर न्या, म्हणावं, आजच्या आज न्या.”

“सगळ्यांनी ऐकलंत ना मामा काय म्हणाला?” बिरागो उभी राहिली. तिनं फोन मामाच्या हातात दिला. “घे, मामा. बघ कोण आहे.”

मामानं बघितलं. निळा रुमाल बांधलेली बिरागो. तिच्यामागं तो स्वतः, वस्त्र उजव्या खांद्यावर, डाव्या हातातला घास तोंडाशी. वर सेवकाचे निरोप आणि मर्सीची उत्तरं. त्यानं फोन मान्सा मावशीकडे दिला, तिनं पुढं दिला. टीव्हीवर हबाकूक त्या ढेरपोट्याला नरकात पाठवत होते.

“मी आयुष्यात डाव्या हातानं जेवलो नाही,” मामा ओरडला. “वस्त्र तर... अरे, तुम्ही सगळे होता ना इथं! मी फूफू खात होतो! नुसतं फूफू खात होतो!”

पडद्यावर लोकांचे शब्द धावत होते. त्या माणसाला हाकला. त्याचे हात तोडा. मर्सी, तो झोपेत असताना त्याच्यावर उकळतं तेल ओत. शेकडो माणसं लिहीत होती, आणि प्रत्येकाच्या शेवटी आमेन होतं. मामा ते वाचत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

आजी कधी उठून दारात आली ते कुणी पाहिलं नव्हतं. तिला ऐकू कमी यायचं, पण मामा ओरडला होता मोठ्यानं.

“ओबेंग,” ती म्हणाली, “मीही नुसतं सोबोलो पीत होते. तू एकदा ओरडलास तर सगळे ऐकायला बसले. मी किती दिवस सांगत होते रे.”

मामानं वर पाहिलं नाही. कोनाडू भिंतीपासून सुटली आणि जाऊन आजीच्या पायांशी बसली. आजीनं तिला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही. एवढं झालेलं एका दुपारी पुसलं जाणार नव्हतं, आणि ते दोघींनाही कळत होतं.

“उजवा हात वर करा,” बिरागोनं सगळ्यांना सांगितलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून कोनाडूच्या फोननं एक फोटो काढून दाखवला. फोटोत सगळी खोली डावा हात वर करून बसली होती. “झालो आपण सगळे चेटके! एवढाच चमत्कार. बाकी सगळं आपणच त्याला लिहून कळवतो. नाव आपण, दुःख आपण, फोटो आपण. तो डोळे मिटतो, कारण त्याच्या माणसांनी आधीच बघून ठेवलेलं असतं.”

“म्हणजे माझ्या सुनेबद्दल मी जे लिहिलं होतं...” मान्सा मावशी पुटपुटली.

टीव्ही कुणी बंद केला नव्हता. हबाकूक पुन्हा ताठ झाले. “सुन्यानी गाव!” ते म्हणाले. “एका बाईचं घर दिसतंय. लाल, साडेतीन पायांची खुर्ची. खुर्चीत एक म्हातारी...”

बिरागोनं टिप्पणीत लिहिलं, हा माणूस फोटो बघून बोलतो. ते लगेच पुसलं गेलं आणि तिचं अकाउंट बाहेर काढलं गेलं. तेवढ्यात कोनाडूनं उठून आपला फोन घेतला. तिच्या दोन्ही अंगठ्यांनी आता आमेन लिहिलं नाही, सुन्यानीच्या त्या बाईला निरोप लिहिला. तिचंही पुसलं गेलं. मग मान्सा मावशीनं लिहिलं, मग शेजारच्या खोलीतल्यांनी, मग अंगणात पळत जाऊन ज्याच्या ज्याच्या हातात फोन होता त्या सगळ्यांनी. एक पुसला की दुसरा लिहीत होता. मामाला टाइप करायला वेळ लागायचा. तो एकेक अक्षर शोधत होता आणि घाम पुसत होता.

सगळ्यांनी साधारण एकच लिहिलं. सुन्यानीच्या ताई, तुम्ही कुणीही असा, तुमच्या आजीला हात लावू नका. आधी आठवा, तुम्ही आज कोणता फोटो पाठवला होता. तो उघडा, आणि आजीकडे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.

ते त्या बाईनं वाचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. आमेनच्या पुरात ते शब्द वर यायचे आणि वाहून जायचे. प्रक्षेपण संपून पडद्यावर नुसते सात दिवे उरले, तरी टाफोच्या त्या अंगणात कुणी फोन खाली ठेवला नाही.